हंगामी पाण्याची दाणेदार टाकी

आंब्याचा हंगाम आला की कोकणातल्या पल्प कारखान्यांत फळांबरोबर सांडपाण्याचाही ओघ लागतो. फळं धुवायची, पल्पर धुवायचा, टाक्या आणि फरश्या धुवायच्या. स्टार्च कारखान्यांचंही तसंच: मक्यापासून स्टार्च काढायचा तर दाणे भिजवण्यापासून स्टार्च धुण्यापर्यंत सगळं काम पाण्यातच चालतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात मुख्यतः अन्नच असतं: साखर, स्टार्च, प्रथिनं, गर. पण हेच अन्न ओढ्यात गेलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात.

हे अन्न कारखान्यातच संपवायचा रूढ मार्ग म्हणजे टाकीत हवा फुंकणं. त्यात एक किलो सीओडीमागे (म्हणजे पाण्यातल्या अन्नाचं रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणाऱ्या प्राणवायूमागे) एक युनिटपर्यंत वीज जाते आणि त्या अन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग गाळ होऊन उरतो. तो गाळ टाकायचा कुठे, हा पुढचा प्रश्न.

या दोन्ही खर्चांवर उत्तर शोधलं नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठातल्या खात्झे लेटिंगा यांनी. १९७०च्या दशकात त्यांनी बीटापासून साखर बनवणाऱ्या सीएसएम कंपनीच्या कारखान्यात सहा घनमीटरची टाकी चालवून पाहिली, मग २०० घनमीटरची. तिचं नाव यूएएसबी, म्हणजे अपफ्लो अ‍ॅनएरोबिक स्लज ब्लँकेट. सांडपाणी तळातून आत येतं आणि तासाला एखाद्या मीटरच्या संथ गतीने वर चढतं. वाटेत गाळाचा जाड थर लागतो. त्यातले सूक्ष्मजीव हवेविना अन्न पचवतात आणि मिथेन बनवतात. वरच्या टोपीखाली वायू वेगळा होतो, गाळ खाली घसरतो, पाणी काठावरून निघून जातं. आत ना पाती फिरतात, ना पंखे.

खरी करामत त्या गाळाची आहे. वर चढणारं पाणी हलका गाळ वाहून नेतं. मागे राहणारे सूक्ष्मजीव एकमेकांना धरून मोहरीएवढे घट्ट दाणे बनवतात. मिथेन करणारे सूक्ष्मजीव फार सावकाश, दिवसांच्या हिशेबाने वाढतात. दाण्यामुळे ते टाकीतच टिकतात, म्हणून लहान टाकीत पुष्कळ काम होतं. नवा गाळही थोडाच तयार होतो.

रोज १०० घनमीटर पाणी आणि लिटरला ५,००० मिलिग्रॅम सीओडी धरा. म्हणजे रोज ५०० किलो सीओडी. त्यातला ८५ टक्के पचला, तर किलोमागे ०.३५ घनमीटर या हिशेबाने दीडशे घनमीटरच्या आसपास मिथेन होतो. कारखान्याच्या बॉयलरला तो उपयोगी पडतो. तरीही बाहेरच्या पाण्यात ७५० मिलिग्रॅम सीओडी उरतो, आणि नदीनाल्यात सोडण्यासाठी आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा २५० आहे. म्हणून हवेची टाकी पुढे लागतेच, फक्त खूप लहान.

या टाकीचे स्वभाव सांभाळावे लागतात. फळांचं पाणी साठवलं की झपाट्याने आंबतं. आम्ल करणारे सूक्ष्मजीव चपळ, मिथेन करणारे मंद. अन्न एकदम ओतलं तर आम्ल साचतं, पीएच घसरतो आणि मंद सूक्ष्मजीव आधी मान टाकतात. म्हणून आधी ओघ एकसारखा करणारी समतोल टाकी हवी, पीएच सातच्या आसपास राखायला चुना किंवा सोडा हवा. फळांच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद कमी पडतं, ते घालावं लागतं. मका सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्यात भिजवतात, म्हणून स्टार्च कारखान्याच्या वायूत कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड येतो. बॉयलरआधी तो काढावा लागतो.

या टाकीचा मला सर्वांत मोलाचा वाटतो तो गुण म्हणजे तिची उपाशी राहण्याची ताकद. बीटाचा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन हिवाळ्यात संपतो, आपल्या आंब्याचा पावसाबरोबर. दाणे महिनोन् महिने अन्नाविना तग धरतात आणि हळूहळू अन्न वाढवत नेलं की पुन्हा कामाला लागतात. हंगामी कारखान्याला याहून योग्य सोबती नाही.

लेटिंगांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. तो जगभर, गरीब देशांतही, वापरला जावा ही त्यांची इच्छा होती. १९८०च्या दशकाअखेर गंगा कृती योजनेत डचांच्या मदतीने कानपूरला जाजमऊत ही टाकी शहरी सांडपाण्यासाठी उभी राहिली. २००७ मध्ये लेटिंगांना टायलर पुरस्कार मिळाला, २००९ मध्ये ली क्वान यू जल पुरस्कार.

तंत्र मोकळं आहे, गुंतवणुकीचा काही भाग वायूतून परत येतो. उरतं ते रोजचं लक्ष. परवान्यापुरती उभारलेली आणि पहिल्याच हंगामात आंबवून मारलेली टाकी ओढ्याला वाचवत नाही. ज्या कारखान्यात प्रत्येक घाण्याचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजला जातो, तिथे टाकीचा पीएचही रोज मोजता येतो. तेवढं काम नेमून दिलेला एक माणूस पगारावर हवा, आणि त्याचं म्हणणं मालकाने ऐकायला हवं.