झपाटल्याशिवाय वजन वाढत नाही म्हणे!

"वजन वाढवायचंय ना? मग भूक-चव विसर. खाणं ही ड्युटी समज." भोसरी ते चाकण, कुठल्याही जिममध्ये हा सल्ला फुकट मिळतो. मग रात्रपाळी करून कॉट बेसिसच्या खोलीवर परतलेली बारीक पोरं पोट तट्ट फुगलं तरी केळी-दूध ढोसतात आणि सकाळ-संध्याकाळ काट्यावर उभी राहतात.

कितीदा सांगायचं? गरजेपेक्षा रोज तीनशे-पाचशे कॅलरी जास्त गेल्या आणि व्यायाम नेमाने झाला, तर तेवढं पुरतं. स्नायू त्यांच्याच गतीने वाढतात. वर कोंबलेल्या अन्नाची चरबी होते. शिवाय पाणी, मीठ आणि पोटातल्या अन्नामुळे वजन दिवसभरात किलोभर सहज हलतं. दोनदा काटा बघणारा बहुधा पाणीच मोजत असतो.

काटा आणखी एक गोष्ट लपवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३. पण चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२! २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांत चरबी आधीच जास्त असू शकते. तिच्यात भर घालून मिरवायचं काय?

"पैलवान नाही का झपाटलेले असतात?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. चाकणच्या शेजारी, खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला. पैलवानाचा खुराक मेहनतीत जिरतो आणि त्यावर वस्तादांची नजर असते. मेहनत सोडून नुसता खुराक उचलला, तर सुटतं ते पोट.

आवड आणि वेड यांत फरक आहे. आवड असलेला जेवणाची चव घेतो, एखादा दिवस चुकला तर उद्या बघू म्हणतो. वेड लागलेला डाएट मोडेल म्हणून बहिणीच्या लग्नाचं जेवण टाळतो, दंड भरले तरी आरशात त्याला काडीच दिसते. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शरीरसौष्ठवपटूंमध्ये हे नोंदवलं. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेतही त्याची नोंद आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

"पावडरीशिवाय जमत नाही." जमतं. स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्येच सांगितलंय. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे आहेत की.

"भुकेची गोळी निरुपद्रवी असते." सायप्रोहेप्टाडिन हे अ‍ॅलर्जीचं औषध आहे, त्याने गुंगी येते. ते घेऊन कारखान्यात प्रेस मशीनवर उभं राहणार?

"गाल भरले, तब्येत सुधारली." डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडनेही चेहरा सुजतो आणि हातापायांचे स्नायू झिजतात. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

"बारीक आहे, खाल्लं की भरेल." वजन आपोआप उतरत असेल तर आधी टीबी, थायरॉइड आणि साखर तपासा.

आणि घासागणिक धास्ती वाटत असेल, तर ट्रेनरला विचारत बसू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे फोन करा.