मुळाशी लावलेली लावणी

सकाळी 5.30
संगमेश्वर तालुका, जुलै महिना. वहिनींनी चूल पेटवली. आज वरच्या मळ्यात भाताची लावणी. खालच्या दहा गुंठ्यांतली लावणी होऊन आठ दिवस झाले, तिथे शेवाळ टाकायचंय.

7.00
तरवा काढायला पाच जणी. दोघी रोजावर, 400 रुपये आणि दुपारचं जेवण. दोघी कामाच्या बदल्यात काम करणाऱ्या, पाचव्या वहिनी. रोपं उपटायची, मुळं पाण्यात धुवायची, मूठ बांधायची. मळ्यात पॉवर टिलर चिखलणी करतोय. तासाचे 600 रुपये, म्हणून कुणी थांबत नाही.

9.00
फणसाच्या सावलीत बादली. दहा लिटर पाणी, त्यात 250 ग्रॅम अझोस्पिरिलम आणि तेवढेच स्फुरद विरघळवणारे जिवाणू. काळी भुकटी काठीने ढवळली. मुठी मुळांपुरत्याच बुडवल्या. पंधरा-वीस मिनिटं तशाच.
"उन्हात ठेवलं तर मरतात ते," वहिनी सांगतात.
मूळ जे द्रव्य मातीत सोडतं, त्यावर हे जिवाणू जगतात. अझोस्पिरिलम हवेतला नत्र धरतं, मुळांच्या वाढीला मदत करतं.

11.00
कमरेत वाकून लावणी. एका जागी दोन-तीन रोपं, खोल नाही. पाठीवर प्लॅस्टिकचा कागद, पाय पोटरीपर्यंत चिखलात. भिजलेली मूठ वाळायच्या आत संपवायची.

दुपारी 1.30
बांधावर जेवण. भाकरी, कुळथाची पिठी, सुकट. अर्धा तास.

3.00
वहिनींनी पिशवी उघडली. आत निळ्या-हिरव्या शेवाळाच्या वाळक्या पापड्या. हातात घेतल्या की चुरतात. एका बाजूला माती चिकटलेली, दुसरी बाजू काळपट हिरवी. उन्हाळ्यात अंगणातल्या खड्ड्यात प्लॅस्टिक अंथरून, माती, पाणी आणि थोडं सुपर फॉस्फेट घालून, वर जुन्या शेवाळाचं विरजण टाकून या तयार केल्या. गुंठ्याला 100 ग्रॅम, म्हणजे आज एक किलो. कोरड्या मातीत मिसळून खालच्या खाचरातल्या साचलेल्या पाण्यावर फेकल्या. भातखाचरातला नत्र या शेवाळामुळे टिकतो, हे पी. के. डे यांनी 1939 मध्ये मांडलं.

4.15
पाणी उतरलेलं दिसलं. खेकड्याने बांध पोखरला होता. वहिनींनी बिळात दगड कोंबला, वर चिखल थापला, पायाने दाबला. पाणी गेलं असतं तर शेवाळही ओढ्याला गेलं असतं.

संध्याकाळी 6.30
हिशेब. मजुरी 800, टिलरचे दोन तास 1200. जिवाणूंच्या पाकिटांचे शंभराच्या आत. शेवाळाला आज पैसे लागले नाहीत, मेहनत लागली.
युरियाच्या 45 किलोच्या गोणीची किंमत 266.50 रुपये, त्यात जवळपास 21 किलो नत्र. शेवाळ चांगलं जमलं तर हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र देतं. वहिनी युरिया बंद करत नाहीत, मात्रा कमी करतात. पाण्यात आयता नत्र भरपूर असला की शेवाळ हवेतला धरत नाही.

ज्यांना हे करून पाहायचंय, त्यांनी पाकिटावरची अंतिम तारीख आधी वाचावी, ते सावलीत ठेवावं, आणि शेवाळ टाकण्याआधी बांध नीट फिरून पाहावा.