मात्रेचा हिशेब

क्ष-किरणांची छायाचित्रे फिल्मवर घेतली जात त्या काळी किरणांचा अतिरेक आपली फिर्याद स्वतःच गुदरीत असे. मात्रा वाढली की फिल्म काळी पडे. पुढे १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेद दाखविले, आणि या अपूर्व विद्येबरोबर ती आपोआप मिळणारी ताकीद मात्र नाहीशी झाली. सीटी स्कॅनची प्रतिमा संगणक रचतो. किरण जितके अधिक, तितकी ती नितळ. म्हणून गरजेच्या दुप्पट मात्रा देणाऱ्याच्या वाट्याला दोषाऐवजी शाबासकीच येण्याचा संभव अधिक.

डोक्याच्या एका साध्या स्कॅनमध्ये रुग्णाला सुमारे २ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते, म्हणजे निसर्गातून वर्षभरात सरासरीने मिळते जवळपास तेवढीच. अपघातात डोक्याला मार बसून आत रक्तस्राव झाल्याची शंका असेल, तर एवढ्यासाठी स्कॅन नाकारणे हा शुद्ध अविचार होय. प्रश्न निराळाच आहे: एकाच तपासणीला एका रुग्णालयात जी मात्रा पुरते, तिच्या कितीतरी पट दुसऱ्या रुग्णालयात का खर्ची पडावी? कारणे बहुधा क्षुल्लक असतात. यंत्र बसविताना ठरविलेली मापे वर्षानुवर्षे तशीच राहतात, कवटीपुरता असावा तो छेद मानेपर्यंत उतरतो, मुलांना प्रौढांची मापे लागू होतात.

हा भेद एकाच रुग्णालयाचे दप्तर चाळून उमगत नाही. म्हणून १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने संदर्भ-पातळीची कल्पना पुरस्कारिली. अनेक रुग्णालयांतील नेहमीच्या मात्रा चढत्या क्रमाने मांडून, जिच्या खाली तीन-चतुर्थांश रुग्णालये येतात ती पातळी ठरवावयाची, आणि तिच्या वर राहणाऱ्यांनी आपल्या कारभाराची तपासणी करावयाची, अशी ही तजवीज. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी’ या संस्थेने प्रौढांच्या डोक्यासाठी ७५ मिलिग्रे ही पातळी धरली, व २०११ पासून रुग्णालयांकडून आकडे मागवून त्यांची सामाईक नोंदवही ठेवली. हा आकडा ॲक्रिलिकच्या दंडगोलावर मोजलेल्या मापाचा असतो, प्रत्यक्ष रुग्णाचा नव्हे. तुलनेला मात्र तो पुरेसा आहे.

यंत्रावर मात्रेची नोंद असणे आणि ती कोणी वाचणे यांत अंतर पडते, हे लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात २००९ साली दिसून आले. पक्षाघाताच्या शंकेने मेंदूच्या रक्तप्रवाहाची तपासणी झालेल्या दोनशेहून अधिक रुग्णांना सुमारे दीड वर्ष योजिल्याच्या आठपट मात्रा मिळत राहिली, आणि ती उघडकीस आली ती एका रुग्णाचे केस गळू लागले तेव्हा. पुढल्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा करून स्कॅनच्या अहवालातच मात्रा लिहिणे बंधनकारक केले.

मात्र संदर्भ-पातळी म्हणजे एकेका रुग्णावरील मर्यादा नव्हे, आणि तिच्या फार खाली राहणे हेही भूषण नव्हे. किरण वाजवीपेक्षा कमी पडले तर करड्या मेंदूतील लहानसा आघात प्रतिमेच्या धुरकटीत लपतो, आणि मग तोच स्कॅन पुन्हा काढावा लागतो.