‘विसरू’ या शब्दाचे तुकडे किती?

पहिल्या वर्षी संमेलनात निवेदन करताना मी ‘विसरून’ हा शब्द छापल्याप्रमाणे ‘वि-स-रून’ असा सुटा सुटा वाचला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. माझ्या आईने कधी पाटी हातात धरली नाही. ती रोज ‘डबा इस्रू नगं’ म्हणते. तिचा ‘व’ गेला खरा, पण शब्द जेथे तुटायचा तेथेच तुटतो. मी डोळ्यांनी वाचत होतो, ती कानाने बोलते. तेव्हापासून क्रियापदे कोठे तुटतात हे ऐकण्याचा मला नादच लागला.

‘विसर’, ‘उतर’, ‘समज’ असे तीन अक्षरी धातू घ्या. पुढचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर मधला ‘अ’ गळतो: विस्-रू, उत्-रून, सम्-जून. प्रत्यय व्यंजनाने सुरू झाला की तोच ‘अ’ टिकतो आणि धातूच्या शेवटचा जातो: वि-सर्-ला, उ-तर्-तो, स-मज्-ला. ‘बसवणे’चेही तसेच. बस्-वून, पण ब-सव्-ला. लेखनात यातले काहीच दिसत नाही. अक्षरगणवृत्तात मात्र गळालेला ‘अ’ परत हजर होतो. तेथे ‘विसरू’ची लघु, लघु, गुरु अशी तीन अक्षरे मोजतात. म्हणजे मी श्लोक म्हणत असतो तर कोणी हसले नसते!

आघाताचे काय? मराठीत एखाद्या अक्षरावर किंचित जोर येतो, पण त्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इटालियन भाषेत बदलतो. तेथे ‘कापितो’ या एकाच शब्दात ‘का’वर जोर दिला तर ‘मी येऊन ठेपतो’, ‘पि’वर दिला तर ‘समजलेले’, आणि ‘तो’वर दिला तर ‘तो येऊन ठेपला’. लेखनात खूण करणे सक्तीचे आहे ते फक्त शेवटच्या रूपात. बाकीची दोन संदर्भाने ओळखायची. तेव्हा लिपी सगळे सांगत नाही ही अडचण काही आपली एकट्याची नाही.

आता आपल्या धाराशिवकडचे ‘काय करायलास?’ पाहा. ‘करायलास’ची लिहिताना पाच अक्षरे, बोलताना तीन तुकडे: क-राय-लास. पुस्तकी ‘करतोयस’चीही पाच अक्षरे आणि तीनच तुकडे: कर्-तो-यस. ‘अ’ गाळण्याची रीत दोन्हीकडे एकच. मग वर्गात पहिले रूप तोंडातून निघाले की आपण जीभ का चावतो?