उजवं आणि डावं

सकाळी ७.१५
नाशिक रोडला बिटको चौकामागच्या गल्लीत दोन खोल्यांची पॅथॉलॉजी लॅब. ताई कुलूप काढतात. झायलिनचा वास लगेच नाकात जातो. रात्रभर मशिनमध्ये राहिलेल्या कॅसेट बाहेर येतात. त्यांत साठी उलटलेल्या एका गृहस्थांच्या दोन्ही वृषणांचे तुकडे आहेत. नंबर पेन्सिलीनं लिहिलेले. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

८.००
पातळ मेण साच्यात ओतायचं, चिमट्यानं तुकडा बसवायचा. आधी उजव्या बाजूचे सगळे ब्लॉक. मग चिमटा पुसून डाव्या बाजूचे. इकडचा कण तिकडे गेला तर रिपोर्टच चुकेल.

९.४५
ब्लॉक बर्फावर गार झालेत. मायक्रोटोमचं चाक फिरतं. काप तीन-चार मायक्रॉनचा. एका मिलिमीटरमध्ये असे अडीचशे तरी बसतील. कापांची पट्टी कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती ब्रशनं काढायची, खालून काच घालून उचलायची. चरा दिसला की ब्लेड थोडं सरकवायचं, अगदीच बोथट झालं तर बदलायचं. ब्लेडला दीडशे रुपये पडतात. ताईंना महिन्याला अठरा हजार मिळतात. चाक फिरवून उजवा खांदा भरून येतो.

१२.३०
रंग. हिमॅटॉक्सिलिननं पेशींची केंद्रकं निळी, इओसिननं बाकीचं गुलाबी. डबा गार झालेला.

२.१५
डॉक्टर बराच वेळ मायक्रोस्कोपवरून डोळा काढत नाहीत. पेशी तीन मापांच्या: लहान, मध्यम, थोराड. दोन्ही बाजूंना तेच. स्पर्मॅटोसायटिक ट्यूमर वाटतो. वृषणाच्या गाठींत हा दुर्मिळ, बहुधा उतारवयात होणारा. पूर्वी त्याच्या नावात सेमिनोमा होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये ते काढलं. हा क्वचितच पसरतो, बहुतेकांचं ऑपरेशनवर भागतं. पण या वयात दोन्हीकडे गाठ असली की लिम्फोमाची शंका येते, आणि त्याला केमो लागते. खात्रीसाठी मार्कर तपासायला हवेत. ती सोय इथे नाही.

४.००
पेशंटचा मुलगा ब्लॉक न्यायला आला. "मॅडम, पेशंट एकच, मग बिल दोन नमुन्यांचं का?" ताई त्याला दोन्ही बाजूंचे ब्लॉक दाखवतात. तो पैसे मोजतो. मग हळूच सांगतो, "वडील वर्षभर बोललेच नाहीत. दुखत नव्हतं म्हणे." ब्लॉक कापसात गुंडाळून डबीत. प्रत्येक नंबर त्याच्यासमोर जुळवून वहीत सही. "उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं." उद्या सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं तो परळला टाटा हॉस्पिटलमध्ये जाणार.

६.३०
नवे नमुने फॉर्मॅलिनमध्ये. मशिन सुरू.

घरातल्या पुरुषांना हे नक्की सांगा. अंघोळीच्या वेळी दोन्ही बाजू हातानं चाचपून पाहा. गाठ, सूज, जडपणा जाणवला तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. पहिली तपासणी साध्या सोनोग्राफीची असते.