वैमानिकाची झोप आणि वेळापत्रक

अमेरिकेत अनेक वैमानिक राहतात एका शहरात आणि त्यांची ड्युटी सुरू होते शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या शहरातून. कामावर जायला तेही विमानानेच जातात! हा प्रवास ड्युटीत धरत नाहीत. शरीर मात्र धरते.

12 फेब्रुवारी 2009 रोजी रात्री बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून 50 जण दगावले. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री सिएटलहून निघून, दोन मालवाहू विमाने बदलून सकाळी नेवार्कला पोचली होती. विश्रांती काय ती विमानांत आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत. चौकशीत मुख्य दोष कॅप्टनच्या चुकीच्या हाताळणीचा निघाला. परंतु थकव्याने दोघांची कार्यक्षमता घटली असावी, हेही नोंदले गेले.

खुर्चीतल्या डुलक्यांनी झोप भरून निघत नाही. सलग 17 तास जागलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारख्या मंदावतात, असे 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. कॉफीने डोळे उघडे राहतात, इतकेच.

2014 पासून तेथे प्रवासी विमानांच्या वैमानिकांना ड्युटीपूर्वी 10 तास विश्रांती, त्यात सलग 8 तास झोपेची संधी सक्तीची आहे. पण ते तास घरून येण्यातच गेले तर? म्हणून पहिल्या दिवशी उशिरा हजेरी, शेवटच्या दिवशी लवकर सुटका आणि कामाचे दिवस सलग, असे लवचिक वेळापत्रक मला औषधाइतकेच मोलाचे वाटते. आदल्या दिवशी पोचून खोली घेऊन झोपणे सर्वांत उत्तम. मात्र नवख्या सहवैमानिकाला ते भाडे परवडायला हवे!