गुलाबाईची गाणी : मेळा टिकतो कसा?

भाद्रपदी पौर्णिमा आली की जळगाव-धुळ्याकडच्या गावांतून तिन्हीसांजेला पोरींचा गलका सुरू होतो. कोनाड्यात किंवा पाटावर गुलोजी आणि गुलाबाई मांडलेले असतात. वर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर आणि पुढे टिपऱ्या घेऊन बसलेल्या आठ-दहा मुली. एका घरची गाणी आटोपली की मेळा निघाला दुसऱ्या घरी! कोजागरीपर्यंत महिनाभर हा क्रम चालतो. कुणी तिला गुलाबाई म्हणते, कुणी भुलाबाई. भिल्लिणीच्या रूपाने पार्वतीने शंकराला भुलवले, म्हणून ती भुलाबाई आणि भुलला तो भुलोजी, अशी कथा सांगतात.

आता वाचकहो, एक साधा प्रश्न. गाणाऱ्या मुली दर चार-पाच वर्षांनी बदलतात. मोठी मुलगी शिकायला जाते, सासरी जाते. तिच्या जागी परकरातली धाकटी येऊन बसते. मग गाणे तेच कसे राहते?

याचे उत्तर शोधताना थोडे जपानकडे पाहू. तिकडे मुलींचे असेच मेळे आहेत. त्यांना ‘आयडॉल’ म्हणतात. आयडॉल म्हणजे खरे तर मूर्ती. आपल्याकडे मूर्ती पाटावर असते आणि मुली पुढे बसून गातात, तिकडे गाणाऱ्या मुलीच मूर्ती झाल्या, एवढाच फरक! यातला एक जुना मेळा ‘मॉर्निंग मुसुमे’. ‘मुसुमे’ म्हणजे मुलगी, लेक. १९९७ साली दूरचित्रवाणीवरच्या एका गायनस्पर्धेत पहिला नंबर हुकलेल्या पाच मुलींना अट घालण्यात आली : पाच दिवसांत आपल्या गाण्याच्या पन्नास हजार तबकड्या खपवा, मग पुढचे बोलू. त्यांनी त्या चारच दिवसांत खपवल्या. १९९९ चे ‘लव्ह मशीन’ हे त्यांचे गाणे तर दहा लाखांच्या वर खपले.

त्या पाचांतली शेवटची मुलगी २००५ मध्ये बाहेर पडली, पण मेळा मोडला नाही. मुलगी निघाली की समारंभ करून निरोप देतात आणि त्याला शाळेतल्यासारखे ‘पदवी घेणे’ म्हणतात. तिच्या वाट्याच्या ओळी उरलेल्या मुलींत वाटून देतात. नव्या मुली निवडून घेतात. ‘लव्ह मशीन’ निघाले तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुली आज ते गाणे म्हणतात. म्हणजे तिथे मुलगी येते-जाते; नाव आणि गाणी कायम.

आपल्या गुलाबाईनेही नेमके हेच साधले आहे, तेही कुणी मालक नसताना. त्याचे मर्म गाण्यांच्या बांधणीत आहे. पुष्कळशी गाणी साखळीची असतात. एका कडव्यात एक दागिना, पुढच्यात दुसरा. एकदा सासरा न्यायला येतो, मग दीर, मग नणंद. ओळ तीच, शब्द तेवढा एक बदलायचा. नवखी पोर पहिल्या दोन कडव्यांत नुसत्या टिपऱ्या वाजवते, तिसऱ्याला धृपद धरते आणि पाचव्याला पुढे कोण येणार हे तिला आधीच कळलेले असते. शिकवणी नाही, वही नाही. गाणेच गाणे शिकवते.

दुसरे मर्म खाऊत आहे. गाणी संपली की झाकलेला डबा पुढे येतो. तो हलवून पाहायचा, आवाजावरून आत काय असेल ते ओळखायचे. ओळखेपर्यंत खाऊ नाही! या गमतीपायी धाकट्या मुली शेवटच्या गाण्यापर्यंत जागच्या हलत नाहीत, आणि बसल्या की ऐकतात.

तिसरी गोष्ट आशयाची. या गाण्यांत माहेरचे लाड आहेत, सासरची बोलणी आहेत, पाळण्यातले बाळ आहे. आठ वर्षांच्या मुलीला त्यातले सारे समजत नाही. पण पुढे सासरी गेल्यावर तेच शब्द तिला आठवतात आणि तेव्हा त्यांचा अर्थ लागतो. आयुष्याची ही शिदोरी खेळता खेळता बांधून दिलेली असते. शब्दही जिथले तिथले : साक्री-शिरपूरकडे अहिराणीचे वळण, रावेर-यावलकडे लेवा बोलीचे.

मात्र साखळीला कडी लागते. मोठ्या मुलीने धाकटीला सांभाळून घ्यायचे, ही ती कडी. आज संध्याकाळची वेळ शिकवणीत जाते, महिन्याचा सण कित्येक घरी एका संध्याकाळवर आला आहे. अलीकडे शहरांत स्पर्धा होतात. त्या चांगल्याच आहेत, पण स्पर्धेला चार-दोन निवडक गाणी पुरतात. बाकीची मागे पडतात, आणि जे वर्षभर कुणी म्हटले नाही ते पुढच्या वर्षी कुणाला येत नाही. जपानच्या मेळ्यामागे कंपनी आहे, तबकड्या आहेत. आपल्या मेळ्यामागे आजी आणि थोरली ताई, एवढेच भांडवल.

याच मातीतले दुसरे उदाहरण आठवा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी ओव्या उतरून घेतल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रयत्नाने पुस्तक निघाले. कुणी तरी वेळेवर कागद-लेखणी घेतली म्हणून तो ठेवा हाती आला. गुलाबाईच्या गाण्यांना तर कर्त्याचे नावच नाही. मग ती उतरून कोण घेणार? आपणच.

तेव्हा येत्या भाद्रपदात एवढे करा. आजीला, मामीला बसवा आणि येतील ती सारी गाणी म्हणायला सांगा. ती त्यांच्या बोलीतच लिहा. शब्द ‘शुद्ध’ करू नका. कोणत्या गावचे, कोणाकडून ऐकले, टिपरी कुठे पडते, तेही टिपा. हातातल्या फोनवर आवाजही धरून ठेवा. पण तेवढ्याने भागणार नाही. कागदावरचे गाणे नुसते जपले जाते, जगते ते गळ्यात. म्हणून पाच घरच्या पाच मुली एकत्र बोलवा, त्यांत एक थोरली आणि एक अगदी धाकटी असू द्या. आणि हो, खाऊचा डबा घट्ट झाकून ठेवा!